डोळा लाल झाला की

डोळा किती लाल झालाय यावरून तो किती धोक्यात आहे हे कळत नाही. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल असा लालभडक डोळा बऱ्याचदा अगदी निरुपद्रवी असतो. उलट दृष्टी घेऊन जाणारा आजार कधी कधी बुबुळाभोवती एक फिकट गुलाबी कडं उमटवतो आणि घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही.

आधी तो भीतिदायक प्रकार पाहू. सकाळी दात घासताना आरशात बघावं, तर एका डोळ्याचा पांढरा भाग बाहेरच्या बाजूला रक्ताने माखलेला. दुखत नाही, खुपत नाही, दिसतंही नेहमीसारखं. अनेकदा स्वतःला पत्ता नसतो. ऑफिसात कुणी तरी दचकून विचारतं तेव्हा कळतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक अतिशय पातळ, पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कंजंक्टायव्हा म्हणतात. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रात्री खोकल्याची जोरदार उबळ आली, सटासट शिंका आल्या, शौचाला कुंथावं लागलं, नाही तर झोपेत डोळा चोळला गेला, की त्यातली एखादी वाहिनी फुटते आणि थेंबभर रक्त पडद्याखाली पसरतं. हातापायावर मुका मार लागला तर तिथलं रक्त काळंनिळं पडतं. डोळ्यावरचं मात्र लालभडकच राहतं, कारण पडदा इतका पातळ असतो की हवेतला प्राणवायू त्यातून झिरपून रक्तापर्यंत पोचतो. एक ते तीन आठवड्यांत हा डाग कडांकडून पिवळसर होत विरून जातो. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. फक्त रक्तदाब मोजून घ्यावा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. ती आपल्या मनाने बंद करू नये. डाग वारंवार येत असेल किंवा डोळ्याला मार लागल्यानंतर आला असेल, तर डोळा तपासून घ्यायलाच हवा.

बाकीची लाली रक्त सांडल्यामुळे नसते, वाहिन्या फुगल्यामुळे असते. चुलीचा धूर, कांदा, जागरण, दारू, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, परागकण, विषाणू, डोळ्याच्या आतली सूज असं काहीही निमित्त चालतं. कारण कोणतंही असो, रक्तवाहिनीला फुगणं एवढंच ठाऊक. म्हणून नुसत्या लालीवरून निदान होत नाही. लाली कुठे आहे आणि तिच्या सोबतीला काय आहे, हे बघावं लागतं. आरशासमोर उभं राहून खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढा. पापणीच्या आतल्या बाजूला लाली गडद असेल आणि बुबुळाकडे जाताना फिकी होत असेल, तर आजार बहुधा वरच्या पडद्याचा आहे. याच्या उलट, बुबुळाला लागून गडद आणि पापणीकडे फिकी असेल, तर आजार आत आहे. मग दुखतंय का, उजेडाचा त्रास होतोय का, दिसणं अंधुक झालंय का, हे तीन प्रश्न. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

सगळ्यात जास्त आढळणारा लाल डोळा म्हणजे डोळे येणं. पावसाळ्यात साथ येते तेव्हा एका घरात एकाचे येतात आणि आठवड्याभरात सगळ्यांचे. जुलै 2023 मध्ये आळंदीतल्या शाळकरी मुलांमध्ये अशी साथ उसळली आणि पाठोपाठ राज्यभर पसरली. त्याआधीच्या एका साथीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1969 च्या जूनमध्ये आफ्रिकेतल्या घाना देशात डोळ्यांचा एक नवाच आजार सुरू झाला. एका दिवसात डोळे सुजायचे आणि पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके उमटायचे. त्याच सुमारास अपोलो 11 मधून माणसं चंद्रावर उतरली, म्हणून लोकांनी आजारालाच अपोलो म्हणायला सुरुवात केली. 1971 मध्ये ही साथ भारतात आली. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते तेच ते वर्ष, त्यामुळे कोलकात्यात तिचं नाव पडलं ‘जय बांगला’. पुढे या आजारामागचा विषाणू सापडला आणि त्याला एन्टेरोव्हायरस 70 असं रुक्ष नाव मिळालं. नावं ठेवण्यात लोक शास्त्रज्ञांपेक्षा कल्पक असतात, हे मान्य करायला हवं.

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिलं की आपलेही येतात, हा समज अजून शाबूत आहे. गंमत अशी की सुश्रुतसंहितेत एका माणसापासून दुसऱ्याला होणाऱ्या रोगांत नेत्राभिष्यंदाचा, म्हणजे डोळे येण्याचा, स्पष्ट उल्लेख आहे. ते कशाने पसरतात याची यादीही आहे: अंगाला अंग लागणं, श्वास, एकत्र जेवण, एका अंथरुणात झोपणं, एकाच आसनावर बसणं, दुसऱ्याचे कपडे, माळा आणि उटणी वापरणं. त्या यादीत नजर नाही. इतकी जुनी यादी आजच्या साथीला जवळपास तशीच लागू पडते. डोळ्यातलं पाणी बोटाला लागतं, बोट दाराच्या कडीला, मोबाइलला, बसच्या दांड्याला लागतं, आणि तिथून दुसऱ्याच्या बोटावाटे त्याच्या डोळ्यात जातं. या साथींमागे बऱ्याचदा अडेनोव्हायरस असतो. तो कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस तग धरतो. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, दुसऱ्याचं रक्षण होत नाही. रक्षण होतं ते वेगळा टॉवेल, वेगळी उशी, साबणाने धुतलेले हात आणि काही दिवस शाळेला सुट्टी यांनी.

विषाणूमुळे आलेल्या डोळ्यांतून पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, कानापुढची गाठ कधी कधी दुखते. बहुतेकदा आधी एक डोळा येतो, मग दुसरा. जिवाणूंमुळे आले असतील तर घट्ट पिवळी चिपडं धरतात आणि सकाळी पापण्या चिकटून बसतात. जिवाणूंवर अँटिबायोटिकचे थेंब चालतात, विषाणूंवर नाही. विषाणूचे डोळे आठवडा-दोन आठवडे आपला वेळ घेतात. तोवर स्वच्छ थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने चिपडं पुसावीत, आणि फार खुपत असेल तर कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब घालावेत. आईचं दूध, मध, तुरटीचं पाणी, गुलाबपाणी, काजळ यांतलं काहीही डोळ्यात घालू नये. दिसायला अंधुक झालं तर मात्र थांबायचं नाही. अडेनोव्हायरस कधी कधी बुबुळावर बारीक ठिपके सोडून जातो आणि ते महिनोन्महिने राहतात.

आता खरा घोळ कुठे होतो ते पाहू. तो होतो मेडिकलच्या काउंटरवर.

“भाऊ, डोळे आलेत. काहीतरी ड्रॉप द्या.”

“हा घ्या. दोन-दोन थेंब, दिवसातून तीनदा. उद्या डोळे साफ.”

आणि खरंच दुसऱ्या दिवशी डोळे साफ होतात. कारण त्या छोट्या बाटलीत अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड सूज उतरवण्यात पटाईत, त्यामुळे लाली झटक्यात जाते. पण सूज ही शरीराची लढाई असते. ती थांबवली आणि आत नागीण जातीचा विषाणू किंवा बुरशी असली, तर तिला मोकळं रान मिळतं. शिवाय हे थेंब आठवडेच्या आठवडे घातले तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. तो दुखत नाही. नजर कडांकडून मधे आक्रसत जाते आणि लक्षात येतं तेव्हा गेलेली नजर परत येत नसते. मोतीबिंदूही लवकर येतो. कायद्याने हे औषध चिठ्ठीशिवाय मिळायला नको. ते मिळतं, आणि संपत आलेली बाटली घरातल्या फ्रिजच्या दारात पुढच्या लाल डोळ्याची वाट बघत पडून राहते.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो उन्हाळा लागला की डोळे चोळणाऱ्या मुलांना. पाच ते पंधरा वयाचे मुलगे यात जास्त. डोळ्यांना प्रचंड खाज, चिकट दोऱ्यासारखा स्राव, उजेडात डोळे बारीक करणं. ही अ‍ॅलर्जी आहे. खाज हीच तिची खूण. बहुतेक मुलांत ती वयात येताना आपोआप मावळते, पण तोवर दर उन्हाळ्यात परत येते. एकदा डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी दिलेलं स्टेरॉइड मग आईवडील दर वर्षी दुकानातून आणत राहतात. मुलगा खूश, कारण खाज थांबते. असा मुलगा पुढे काचबिंदू घेऊन दवाखान्यात येतो, हे नेत्रतज्ज्ञांना नवीन नाही. अ‍ॅलर्जीसाठी दीर्घकाळ वापरता येण्यासारखे वेगळे, सौम्य थेंब आहेत. थंड घड्या आहेत. आणि डोळे चोळू न देणं आहे, कारण वर्षानुवर्षं चोळल्याने बुबुळाची काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येऊ शकते.

स्टेरॉइडचा दुसरा बळी शेतातला. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. तोडणीच्या वेळी ते पान सपकन डोळ्याला लागतं, किंवा भाताचं तूस, ज्वारीच्या कणसाचा भुसा उडून आत जातो. त्या क्षणी थोडं खुपतं, पाणी येतं, माणूस गमच्याने डोळा पुसतो आणि कामाला लागतो. बुबुळावरच्या पारदर्शक काचेला, कॉर्नियाला, बारीक ओरखडा पडलेला असतो आणि पानावरची बुरशी त्यात रुजलेली असते. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस ही त्यातली नेहमीची नावं. ही बुरशी घाई करत नाही. चार-आठ दिवसांनी डोळा लाल होतो, दुखू लागतो, आणि नीट पाहिलं तर काळ्या बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो. त्याच्या कडा साफ नसतात, पिसासारख्या विस्कटलेल्या असतात. फडात मुकादमाची गाठ पडते, गावातून ड्रॉप येतो, आणि तो ड्रॉप बऱ्याचदा वर सांगितलेलाच असतो. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवसापासून ठिपका पसरू लागतो.

नेत्ररुग्णालयात अशा ठिपक्याच्या कडेचं थोडं खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. बुरशी असेल तर तिचे फांद्या फुटलेले धागे तिथल्या तिथे दिसतात. या तपासणीला फार खर्च येत नाही आणि वेळही लागत नाही; उपचाराची दिशा मात्र तिच्यावरच ठरते. बुरशीवरचं मुख्य औषध नॅटामायसिन, तेही सुरुवातीला दर तासाला, आणि पुढे कित्येक आठवडे. नवीन आणि महाग व्होरिकोनॅझोल त्याहून सरस ठरेल असं पुष्कळांना वाटत होतं. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्ररुग्णालयांच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जुनं नॅटामायसिनच उजवं ठरलं. उशीर झाला तर कॉर्नियाला भोक पडतं, किंवा जखम भरली तरी फूल पडतं, म्हणजे पांढरा डाग कायमचा राहतो. मग एकच वाट उरते, नेत्रदानातून आलेली कॉर्निया बसवण्याची. शेतात साधा प्लॅस्टिकचा चष्मा घालावा हे सांगायला सोपं. घामाने त्याच्यावर धुकं धरतं हे फडात उभं राहिल्यावर कळतं. निदान ओरखडा पडल्याच्या दिवशी डोळा दाखवणं तरी कामगाराच्या रोजंदारीत बसायला हवं.

आता ते फिकट कडं. पंचविशी-तिशीचा तरुण, एक डोळा किंचित लाल, लाली बुबुळाला लागून आणि जराशी जांभळट. चिपडं नाहीत. उजेड अजिबात सोसत नाही; चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारली तरी आजारी डोळा दुखतो, कारण एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. ही डोळ्याच्या आतली सूज, युव्हिआयटिस. अशा तरुणाला सकाळी उठल्यावर कंबर धरते का, आणि हिंडल्या-फिरल्यावर ती मोकळी होते का, हे डॉक्टर आवर्जून विचारतात. मणक्याच्या एका संधिवाताचा आणि या सुजेचा घरोबा आहे. क्षयरोगही आपल्याकडे शोधावा लागतो. विशेष म्हणजे, इथे स्टेरॉइडचे थेंब हाच खरा उपचार असतो. जी बाटली बुरशीच्या डोळ्याचा घात करते, तीच इथे दृष्टी वाचवते. म्हणून ‘मागच्या वेळी मला याच थेंबाने बरं वाटलं होतं’ या वाक्याला काडीचा अर्थ नाही.

दुसरा आतला आजार तर पित्तावर खपतो. पन्नाशीच्या आसपासची बाई, संध्याकाळी एका बाजूचं डोकं फुटायला आलंय, उलट्या होतायत. घरचे म्हणतात पित्त झालंय, नाही तर अर्धशिशी. आलं-लिंबू, पित्ताची गोळी, दिवे मालवून झोपणं. एक डोळा लाल आहे, अंधुक दिसतंय, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं दिसतायत, याकडे त्या गडबडीत कोण बघणार? डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अचानक बंद होऊन आतला दाब भडकलेला असतो. काचबिंदूचा हा झटका तासांच्या हिशेबात दृष्टी खातो. रात्री अकरा वाजलेले असले तरी रुग्णालय गाठायचं. दाब उतरल्यावर लेसरने बाहुलीच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात, आणि दुसऱ्या डोळ्यालाही पाडून ठेवतात, कारण त्याची ठेवण तशीच असते.

चुन्याबद्दल थोडक्यात, पण नीट लक्ष द्या. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलं खेळायला घेतात, दाबतात, आणि ती थेट डोळ्यात फुटते. चुना कॉर्निया जाळत आत आत शिरत राहतो. अशा वेळी रिक्षा शोधण्याआधी नळ शोधायचा. पिण्याचं असो की वापराचं, जे पाणी हाताशी असेल त्याने डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवायचा, पापणीच्या आत अडकलेले कण ओल्या कापसाने काढायचे, आणि मगच निघायचं. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू पिळणं म्हणजे आगीत तेल.

वेल्डिंगचं दुखणं वेगळं. दिवसा झाकण न लावता काम केलेला पोरगा रात्री ओरडत उठतो, कारण ठिणगीतल्या अतिनील किरणांनी भाजलेली कॉर्निया सहा ते बारा तासांनी जाणवू लागते. बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून वर्कशॉपातली मंडळी रात्र काढतात. ते एक-दोन दिवसांत बरं होतं. फक्त डोळा बधिर करणारे थेंब घरी आणून घालत बसू नये, त्यांनी जखम भरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला आणि दुखला तर लेन्स काढायची, ती डबीसकट घेऊन डॉक्टरांकडे जायचं. लेन्स घालून झोपणं आणि नळाच्या पाण्याने ती धुणं या दोन सवयींतून होणारा संसर्ग एक-दोन दिवसांत कॉर्निया नासवू शकतो.

कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांची लाली एवढी नाट्यमय नसते. आपण मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं, त्यात एसीची कोरडी हवा. डोळे सुकतात, खुपतात, लाल होतात. मीटिंगच्या आधी डोळे ‘पांढरे’ दिसावेत म्हणून नॅफाझोलीनचे थेंब घालणारे पुष्कळ आहेत. ते वाहिन्या आकसवतात, म्हणजे लाली लपवतात. परिणाम ओसरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, आणि मग बाटलीची सवय लागते. त्यापेक्षा कृत्रिम अश्रू बरे, एसीचा झोत तोंडावरून बाजूला वळवणं बरं, आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघून मुद्दाम पूर्ण पापणी मिटणं सगळ्यात स्वस्त. कुठलीही बाटली उघडल्यावर महिन्याभराने टाकून द्यायची, औषध उरलं असलं तरी.

राहिला ताप आणि लाल डोळे एकत्र आले तर काय, हा प्रश्न. गोवरात असं होतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आणखी एक शक्यता धरावी लागते. भाताच्या खाचरात अनवाणी काम केलेला, किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलेला माणूस, आठ-दहा दिवसांनी सडकून ताप, पोटऱ्या अशा दुखतायत की हात लावू देत नाही, आणि दोन्ही डोळे लालबुंद. पण चिपड नाही की पाणी नाही. हा लेप्टो. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे जिवाणू पायाच्या चिरांमधून शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने हे फार जवळून पाहिलं. इथे डोळ्यात काहीही घालायचं नसतं. रक्त तपासायचं असतं आणि डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन वेळेत सुरू करायचं असतं, नाही तर मूत्रपिंडं आणि यकृत धोक्यात येतात. आणि ताप उतरला म्हणून प्रकरण संपलं असं समजू नये. 1993 मध्ये मदुराईच्या परिसरात पूर येऊन गेला, आणि पुढच्या काही महिन्यांत तिथल्या नेत्ररुग्णालयात युव्हिआयटिसच्या रुग्णांची रीघ लागली. शोध घेतल्यावर मुळाशी लेप्टो निघाला. त्यामुळे पावसाळ्यात असा ताप येऊन गेलेल्या माणसाचा डोळा दिवाळीच्या सुमारास लाल झाला आणि उजेड सोसेनासा झाला, तर नेत्रतज्ज्ञाला आपणहून सांगावं: श्रावणात ताप आला होता, आणि त्याआधी मी पाण्यात उतरलो होतो.